यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया: दुर्बिणीतून की पोट उघडून?

यकृतातील गाठ काढता येण्याजोगी आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘दुर्बिणीतून होईल का?’ हाच असतो. आमच्या घरात काकांची शस्त्रक्रिया पोट उघडून झाली आणि वडिलांची दुर्बिणीतून. दोन्ही जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की दुर्बिणीमुळे रुग्ण लवकर सावरतो. कर्करोगावरील परिणाम मात्र दोन्हींचा सारखाच असतो.

या मताला नॉर्वेतील ‘ऑस्लो-कॉमेट’ चाचणीचा आधार आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या २८० रुग्णांना तिथे चिठ्ठी टाकावी तसे यादृच्छिकपणे दोन गटांत विभागण्यात आले. खुल्या शस्त्रक्रियेनंतर ३१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, दुर्बिणीनंतर १९ टक्क्यांना. रुग्णालयातील मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५५ आणि ५४ टक्के, म्हणजे जवळपास समान होते. मात्र या शस्त्रक्रिया यकृताचा शक्य तितका भाग राखून केलेल्या होत्या आणि मूळ यकृतातच उद्भवणारा कर्करोग त्यात नव्हता, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत.

काकांचा छेद छातीच्या हाडाखालून निघून उजव्या बरगड्यांखाली वळलेला होता. खोकला आला की ते पोटावर उशी घट्ट दाबून धरत, आणि दुखण्याच्या भीतीने खोल श्वास घेणे टाळत. फुप्फुसात कफ साचण्याचा धोका तिथूनच सुरू होतो. वडिलांच्या पोटावर बोटभर लांबीचे मोजके छेद होते, शिवाय पिशवीत घातलेली गाठ बाहेर काढण्यासाठी ओटीपोटावर एक आडवा छेद. त्यांना जखमेपेक्षा खांद्याचे दुखणे अधिक जाणवले. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे असे होते, हे आम्हाला कोणी आधी सांगितले असते तर ती रात्र इतक्या काळजीत गेली नसती.

म्हणून दुर्बीण सर्वांनाच योग्य, असे नाही. २००८ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे तज्ज्ञांनी पाच सेंटिमीटरपर्यंतची, यकृताच्या पुढील बाजूस असलेली एकच गाठ या पद्धतीस सर्वांत योग्य ठरवली होती. पुढे ही मर्यादा रुंदावली, तरी मागच्या-वरच्या भागातील किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ आजही अवघडच आहे. तिथे रक्तस्राव आवरण्यासाठी हात आत असणे फार मोलाचे ठरते, आणि मध्येच पोट उघडण्याचा निर्णय घेणाऱ्या सर्जनला मी अपयशी मानणार नाही. यकृत सिरॉसिसने आधीच खराब झालेल्या रुग्णाला मात्र दुर्बिणीचा विशेष लाभ होतो. पोटाचे स्नायू आणि त्यांतील शिरा कमी कापल्या जात असल्याने नंतर पोटात पाणी साचण्याचे प्रमाण घटते.

खर्चाबाबत माझी तक्रार आहे. वडिलांच्या वेळी दिलेल्या अंदाजपत्रकात रक्तवाहिन्या कापून बंद करणाऱ्या स्टेपलर या उपकरणाची काडतुसे धरलेलीच नव्हती. ती अंतिम बिलात वेगळी लागली आणि मेडिक्लेमशी वाद घालावा लागला. हे सर्व आधीच लेखी मागावे. सर्जनने यकृताच्या अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हेही निःसंकोच विचारावे. पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याचा दांडगा अनुभव इथे पुरेसा नाही. शस्त्रक्रियेनंतर आम्ही टाक्यांची संख्या मोजत बसलो नाही. तपासणी अहवालात गाठीभोवतीची कड कर्करोगमुक्त आहे की नाही, ते आधी पाहिले.