काटा अर्ध्यावरच होता

जुनी गाडी बघायला गेलो तेव्हा टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या किंचित खाली होता. चढावर नेली, परत आणून एसी लावून उभी ठेवली, काटा जवळपास जागचा हलला नाही. "बघा, इंजिन कसं थंड आहे," विकणारा म्हणाला आणि मीही मान डोलावली. मी पोचलो तेव्हाच बॉनेट चांगलं तापलेलं होतं. विचारलं, तर म्हणे आत्ताच पेट्रोल भरून आणली. पटलं मला. गाडी आवडली की सगळंच पटतं.

घरी आणल्यावर दोन गोष्टी खटकल्या. गार इंजिनावर नुसती चावी फिरवली तरी रेडिएटरचा फॅन सुरू व्हायचा. आणि सपाट रस्त्यावर अर्धा तास चालवूनही काटा पाव भागाच्या वर जायचा नाही. जुनी गाडी आहे, चालायचंच, असं म्हणून सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात एका लांब चढावर आधी कुलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्याचा, गोडसर वास आला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. मी सगळ्यात आधी काट्याकडे बघितलं. अर्ध्याच्या किंचित खाली, अगदी पहिल्या दिवशी होता तिथेच! म्हणून वाफेवर विश्वास न ठेवता मी आणखी थोडं अंतर रेटलं. तेवढ्यात इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील (हेड गॅस्केट) गेलं आणि हेडही वाकलं.

गॅरेजात इलेक्ट्रिशियनने पाणी भरून, थोडा वेळ इंजिन चालवून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावला. स्कॅनरवर 109 अंश, काटा मात्र अर्ध्यालाही टेकेना. माझ्या गाडीत, पुष्कळ जुन्या गाड्यांत असतात तसे, दोन वेगळे सेन्सर आहेत: एक ईसीयूसाठी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरसाठी, दुसरा एका वायरीचा, फक्त काट्यासाठी. त्याने त्या एकेरी वायरीची दोन्ही टोकं मोकळी करून मल्टिमीटर लावला. नुसत्या तारेचा रोध शून्याच्या आसपास यायला हवा, इथे 47 ओहम. काळी टेप सोलली, तर आत स्लीव्ह चढवलेला एक रेझिस्टर, बोटाच्या पेरापेक्षाही छोटा. झाळकाम मात्र सुबक होतं, हे कबूल करायला हवं.

युक्ती साधी आहे. या सेन्सरचा रोध इंजिन तापेल तसा कमी होतो आणि रोध कमी झाला की काटा चढतो. मध्ये रेझिस्टर घातला की इंजिन कितीही उकळो, एकूण रोध 47 च्या खाली उतरूच शकत नाही. मग काटा लाल पट्ट्यापर्यंत पोचणार कसा? रेडिएटर अर्धा चोंदलेला होता, ते झाकायला फॅन थेट चावीवर जोडलेला. म्हणजे मला दाखवली तेव्हाही ती तापतच होती.

विकणाऱ्याला फोन केला. "काका, तुम्हीच तर काटा बघून घेतलीत," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

तेव्हापासून कुणाबरोबर जुनी गाडी बघायला गेलो की इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय मी चावी लावू देत नाही. बॉनेटवर हात ठेवतो, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणतो. काटा अगदी तळापासून चढताना दिसला पाहिजे. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झालेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो आणि तेव्हा रेडिएटरचा वरचा पाइप बऱ्यापैकी अचानक गरम होतो. फॅन त्याच्याही नंतर लागतो आणि थोड्या वेळाने बंद होतो. हा क्रम डोळ्यांनी बघायचा, आणि स्कॅनरवरचा आकडा काट्याशी ताडून बघायचा. लेझरवाला थर्मामीटर असेल तर तो चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, तिथे आकडा खूप कमी येतो. काळ्या रबरी पाइपवर किंवा काळी टेप चिकटवून त्यावर धरा.

उलटही होतं बरं का. हेडलाइट लावल्यावर काटा वर उडी मारत असेल, तर बहुधा अर्थिंग खराब असतं, इंजिन ठीक असतं. अशा वेळी "हेड उघडावं लागेल" म्हणणाऱ्याला आधी स्कॅनर लावायला सांगा. आणि कुलंटच गळून गेलं असेल तर अस्सल, कुणी न छेडलेला काटाही खाली पडतो, कारण सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडलेला असतो. तापलेल्या गाडीचा काटा एकदम खाली आला किंवा हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, तर गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्या, बंद करा, आणि इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दाबाखाली आतलं पाणी 100 अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण सैल केलं की ते थेट तोंडावर येतं.