खोलीसह की खोलीशिवाय: व्हजायनोप्लास्टी आणि व्हल्वोप्लास्टी

जननेंद्रियांची सर्जरी करायचीच, एवढं ज्यांचं ठरलंय त्या ट्रान्स मैत्रिणींसाठी हे लिहितेय. हार्मोन, समुपदेशन, आधी शुक्राणू साठवून ठेवणं वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार. गाडी अडते ती पुढे: योनिमार्गासकट व्हजायनोप्लास्टी, की फक्त बाहेरची रचना करणारी व्हल्वोप्लास्टी, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘झिरो डेप्थ’?

बाहेरून दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. शिस्नाग्रापासून केलेली क्लिटोरिस दोन्हींत असते आणि तिच्या नसाही त्याच, त्यामुळे सुखाच्या बाबतीत झिरो डेप्थवाली मागे पडते असं मला तरी वाटत नाही.

शिस्नाची त्वचा आत वळवून योनिमार्ग करायची पद्धत जॉर्ज बुरू यांनी १९५६ मध्ये कॅसाब्लांकात सुरू केली. मूळ कल्पना आजही तीच. संभोगात योनिमार्ग हवाच असेल तर प्रश्नच मिटला, व्हजायनोप्लास्टी करा. फक्त आत जाणाऱ्या त्वचेवरचे केस आधी मुळापासून घालवण्यात कित्येक महिने जातात. आतड्याचा तुकडा वापरला तर केसांची कटकट नाही, ओलावाही आपोआप येतो. पण तो स्राव आपली सोय बघून थांबत नाही.

माझा निर्णय मात्र डायलेशनवर झाला, म्हणजे नवा मार्ग आवळू नये म्हणून त्यात डायलेटर नावाची कांडी घालून ठेवण्यावर. एका मैत्रिणीच्या सर्जरीनंतर मी तिच्या सोबतीला राहिले होते. सुरुवातीचे महिने दिवसातून तीनदा, दर वेळी जवळजवळ अर्धा तास. डायलेटरवर खोली मोजायला ठिपके असतात. कालचा ठिपका आज आत गेला की नाही, यावर तिचा मूड ठरायचा. दुखण्याबद्दल ती फारशी बोलत नसे. वैताग होता तो कडी लावलेल्या दाराचा. टॉवेल अंथरा, जेल लावा, जरा सैल पडतोय तोवर कुणीतरी दार वाजवणार, की अंग आखडलं आणि पुन्हा पहिल्यापासून. मग धुणं-पुसणं. टाळलं तर मार्ग आवळत जातो. पुढे आठवड्यातून एक-दोनदा पुरतं, पण संपत नाही. एकटी राहणारीला हे जमून जात असेल. मी कायम चार माणसांत राहिलेली, कामाच्या पाळ्या बदलत्या. जन्मभर ते निभावणं माझ्याच्याने झालं नसतं. मी झिरो डेप्थ केली.

त्रास तिथेही आहे. सूज उतरेपर्यंत लघवीची धार मनाला येईल तिकडे जायची, मांड्या भिजायच्या. पुढे वाकून बसलं की जरा बरं पडायचं. नसा जाग्या होताना विजेसारख्या झिणझिण्या. पण व्हजायनोप्लास्टीत गुदाशयाला इजा होण्याची जी मोठी भीती असते, ती इथे जवळपास नसते, हे मला फार मोलाचं वाटलं.

‘म्हणजे अर्धवटच की!’ हे ऐकावं लागतं. ट्रान्सजेंडर आरोग्याच्या जागतिक संघटनेने, डब्ल्यूपॅथने, २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्हल्वोप्लास्टी स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून नोंदली आहे, पण टोमणे मारणारे ते वाचत नाहीत.

एक गोष्ट खरी: पुढे मन बदललं तर त्वचा वापरून झालेली असते, मग पोटाच्या आतलं अस्तर किंवा आतडं वापरावं लागतं. म्हणून ‘कधीतरी लागेल बहुतेक’ असं वाटत असेल तर घाई नको. तसं वाटत नसेल, तर पहिल्याच भेटीत झिरो डेप्थचं नाव काढा. माझ्या सर्जनने आपणहून काढलं नव्हतं. आणि अशा किती केल्यात, तेही विचारा.