घोडा की स्की?

डोंगरवाटांवरचा मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) प्रचारक म्हटला की घोडेस्वारच डोळ्यांसमोर येतो. फ्रान्सिस ॲस्बरी १७७१ साली अमेरिकेत आले आणि १८१६ मध्ये मरेपर्यंत फिरतच राहिले. ॲपलाचियन डोंगर त्यांनी साठेक वेळा ओलांडले. एवढा पल्ला घोड्याशिवाय अशक्यच.

कोलोरॅडोत याच पंथाचे प्रचारक जॉन डायर यांच्यापुढे मात्र १३,००० फुटांवरची मॉस्किटो खिंड होती. हिवाळ्यात तिथे घोडा पोटापर्यंत रुततो. प्रवचनांवर पोट भरेना, म्हणून १८६४ मध्ये ते लांब लाकडी स्कीवरून टपालही वाहू लागले. बर्फ रात्री घट्ट होतो, त्यामुळे बऱ्याचदा रात्रीच निघायचे. एकटे, पाठीवर टपालाचं ओझं घेऊन! ॲस्बरींचं काम कितीतरी मोठं, तरी मला डायरच अधिक जवळचे वाटतात.