मागचा एक्सल बदलला, आता पार्किंग ब्रेक कुठला?

जुन्या पिकअपला दुसरा मागचा एक्सल बसवताना आपण रेशो (शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं) विचारतो, रुंदी मोजतो, चाकाचे बोल्ट जुळतात का ते बघतो. पार्किंग ब्रेकची केबल मात्र लोंबकळत राहते, आणि पुढे वर्षभर गाडी चाकाखाली वीट सरकवून उभी करावी लागते. ऑटोमॅटिकवाले ‘पी’वर, म्हणजे गिअरच्या पार्क स्थितीवर, विसंबतात. तिथे सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका बोटाएवढ्या खिटीवर येतो.

माझं मत आधीच सांगतो: एक्सल ड्रम ब्रेकसकट मिळत असेल तर ड्रमच ठेवा. ड्रम फिरायला लागला की शू (ड्रमला आतून दाबणारी पट्टी) त्याच्याबरोबर ओढला जाऊन आणखी आवळतो, त्यामुळे केबलला थोडा ताण पुरतो आणि गाडीचं पार्किंग ब्रेकचं जुनं पेडलही बहुतेक वेळा चालून जातं. डिस्कवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

डिस्क ब्रेक हवेच असतील तर 1995 ते 2001 मधल्या फोर्ड एक्सप्लोररचा 8.8 इंची एक्सल बघा. त्याच्या डिस्कच्या पोटात पार्किंगसाठी वेगळा छोटा ड्रम असतो. हे शू चालत्या गाडीत वापरलेच जात नाहीत, म्हणून ते आपोआप ॲडजस्टही होत नाहीत. अधूनमधून हाताने करावे लागतात. पिनियन (शाफ्ट जिथे एक्सलला जोडला जातो तो गिअर) मध्यावर नसून उजवीकडे सरकलेला असतो, तेव्हा दोन्ही केबल एकाच मापाच्या धरून चालू नका.

सत्तरच्या दशकातल्या कॅडिलॅक एल्डोराडोच्या कॅलिपरमध्ये (डिस्कला पॅडने पकडणाऱ्या भागात) केबल एक स्क्रू फिरवते आणि तो पिस्टन पुढे ढकलतो. दिसायला सुटसुटीत, पण पार्किंग ब्रेक नियमित ओढला तरच हा कॅलिपर ॲडजस्ट राहतो. नाही ओढला, तर पॅडमधलं अंतर वाढत जातं आणि मुख्य ब्रेकचं पेडल खोल जायला लागतं. आळशी माणसाने या वाटेला जाऊ नये.

डॉजच्या जुन्या पॉवर वॅगनसारखा ट्रक असेल तर एक्सलवर काही करूच नका! त्याचा पार्किंग ब्रेक प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर, असतो. एक्सल बदलला तरी तो जागेवरच राहतो. 3.73 रेशो असेल तर शाफ्टवरचा जोर एक्सलवर 3.73 पट होतो. धोका जॅक लावताना. साध्या डिफरेन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमध्ये) शाफ्ट धरलेला असला तरी एक मागचं चाक उचललं की ते उलटं फिरू शकतं आणि गाडी जॅकवरून घसरते. पाचर लावल्याशिवाय चाक उचलू नका.

ब्रेकच्या पाइपात प्रेशर कोंडून ठेवणारे व्हॉल्व्हही मिळतात. तो पार्किंग ब्रेक नव्हे. प्रेशर हळूहळू उतरतं.

केबलबद्दल माझी फजिती सांगतो. शू ॲडजस्ट न करताच ढील काढायला मी केबलचा नट आवळला. आतला लिव्हर मागे टेकेना, शू घासत राहिले. पहिल्याच फेरीनंतर ड्रमवर पाणी शिंपडलं तर चर्र झालं. आधी शू, मग केबल. केबलचा आउटर (बाहेरची नळी) इतका लांब ठेवा, की गाडी उचलल्यावर एक्सल पूर्ण लोंबला तरी तो ताणला जाणार नाही. शेवटचं माप गाडी चाकांवर उभी असतानाच घ्या. मग उतारावर, पाचर हाताशी ठेवून, एकदा नाक वर आणि एकदा नाक खाली करून गाडी उभी करून बघा.