अबलख घोडी घ्यायचीय: सारंगखेड्याला जावं की आपल्याच भागात बघावं?

मार्गशीर्ष जवळ आला की दोघं-तिघं तरी विचारतात, अबलख (अंगावर पांढरे पट्टे असलेली दुरंगी घोडी) घ्यायचीय, सारंगखेड्याला जाऊ का? मी दोन्ही करून बघितलंय. पहिली घोडी सारंगखेड्याला तापीकाठी भरणाऱ्या दत्तजयंतीच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आणली, दुसरी आमच्याच भागातल्या एका वस्तीवरून.

निवडीला यात्रेची सर कशालाच नाही, हे आधीच सांगतो. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, सगळीकडून जनावरं येतात. काळी अबलख, कुमाईत म्हणजे तांबूस-तपकिरी अबलख, घाऱ्या डोळ्याची, एका सकाळीत पोटभर बघून होतात. गावाकडं महिनाभर हिंडलात तर चार दिसतील, त्यातल्या दोन विकायच्या नसतील. चांगल्या रक्ताची मारवाडी जातीचीच हवी असेल तर यात्रा गाठलेली बरी.

पण अबलखाच्या बाबतीत नजर आधी रंगावर जाते आणि पाय बघायचे राहतात. शिवाय भोवऱ्यांचा, म्हणजे अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवायचा हिशेब. गळ्यावर देवमण भोवरी असली की भाव चढतो, डोळ्याखाली आसूढाळ असली की उतरतो. माझी पहिली घोडी आसूढाळ म्हणूनच परवडली, आणि त्या भोवरीनं आमचं काही वाईट केलं नाही. रंगावर मात्र ओलं फडकं घासून बघाच. २०२२ मध्ये पंजाबात संगरूरकडं एकानं काळा म्हणून बावीस लाखांहून जास्त मोजून घेतलेला घोडा अंघोळीनंतर तांबडा निघाला होता.

माझं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. यात्रेत मी तिच्यावर तीन फेऱ्या मारल्या. रवाल, म्हणजे न उसळणारी जलद चाल अशी, की हातातल्या कपातला चहा हिंदकळू नये. घरी आणली, चार दिवस विश्रांती दिली, पाचव्या सकाळी ओढ्याच्या पुलापर्यंत नेली. तिथं ती थांबली. मान वर, कान मागं घराकडं, एक लांब खिंकाळी, आणि मागच्या पायांवर गर्रकन वळून माघारी. रोज तोच पूल, रोज तेच. दुसऱ्या घोड्यामागं सोडली की बिनबोभाट जायची. एकटी म्हटलं की पाऊल टाकायची नाही. जवळजवळ आठ महिने मी तिला पायी हाताला धरून पुढं नेत होतो.

घोडा कळपातलं जनावर. यात्रेत चहूबाजूंनी घोडीच घोडी, तिथं अडेल जनावरही मजेत चालतं. एकटं किती चालतं हे बघायला तिथं जागाच नाही. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

दुसऱ्या वेळी मालकाला म्हटलं, दादा, तुम्ही आधी हिला एकटी डांबरी रस्त्यानं वजनकाट्यापर्यंत नेऊन आणा, मग मी बसतो. तिनं दोघांनाही नेलं. दोन दिवसांनी न सांगता पहाटे गेलो. रात्रभर बांधलेल्या जनावराची पहिली वीस पावलं बघायची होती, कारण लंगडेपण असेल तर बऱ्याचदा तिथंच दिसतं. यात्रेत आपण पोचेपर्यंत घोडी फिरवून गरम केलेली असते. गावात नालबंदही ओळखीचा निघतो. मालकापेक्षा त्याला विचारा. कोणती मागचा पाय धरू देत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराच्या तपासणीसाठी रक्त काढून, उत्तर येईपर्यंत थांबताही येतं. हा आजार माणसालाही होतो, तेव्हा ते थांबणं सोडू नये.

भाव? मला गावात थोडा जास्तच पडला. घासाघीस फार करता येत नाही, उद्या बाजारात तोंड दाखवायचं असतं. पण तेच बंधन विकणाऱ्यालाही असतं, म्हणून मला तो जास्तीचा पैसा जड वाटला नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, विशेषतः घरी आधीच दोन-तीन घोडी असतील तर.

विकायचं म्हणाल तर यात्रेत रोख लवकर हातात येते, अबलखाला गिऱ्हाईकही जमतं. मात्र शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीभाड्याच्या धास्तीनं माणूस पडेल त्या भावात देऊन टाकतो. पहिली घोडी मी गावातच विकली, पुलाची गोष्ट आधी सांगून. पैसे कमी आले. घेणाऱ्याकडं एक पांढरी नुकरा घोडी होती. दोघी आता जोडीनं त्याच पुलावरून ओढ्यापलीकडं चरायला जातात.