स्लीव्ह सर्जरीनंतरचे अकरा महिने: रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावसजवळच्या एका घरातला अनुभव

मागच्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि चौथ्या दिवशी मुंबईत माझं ऑपरेशन झालं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन. तेव्हा वजन १०९ किलो, उंची १५८ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४३ च्या वर. परवा कोजागिरीला अकरा महिने झाले. आज वजन ७७ आहे, डायबिटीसच्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत, रक्तदाबाची एकच उरली आहे, आणि शाळेचा जिना चढताना मधल्या कठड्याला टेकावं लागत नाही.

ऑपरेशनबद्दल माहिती सगळीकडे मिळते. मला सांगायचंय ते वेगळं आहे. पोटाची तयारी हॉस्पिटल करून घेतं. घराची कोणी करून घेत नाही. आमच्या गावापासून ते हॉस्पिटल साडेतीनशेक किलोमीटरवर, घरात स्वयंपाक सासूबाईंच्या हातात, आणि सर्वात जवळचं चांगलं मेडिकल रत्नागिरीत. माझ्या बऱ्याच अडचणी पोटातल्या नव्हत्याच, या अंतरातून आलेल्या होत्या.

थोडक्यात ऑपरेशन असं: जठराचा बाहेरच्या बाजूचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कापून काढतात, उरतं ते केळ्याच्या आकाराचं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात बनतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूकही खूप कमी लागते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. ज्यांना आम्लपित्ताचा, छातीत जळजळण्याचा त्रास जास्त असतो त्यांना बरेचदा गॅस्ट्रिक बायपास हे दुसरं ऑपरेशन सुचवतात, कारण स्लीव्हनंतर ती जळजळ वाढू शकते. माझी एंडोस्कोपी साफ होती, म्हणून स्लीव्ह ठरलं.

आधीच्या तपासण्यांना दोन महिने गेले. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.९ टक्के होती, ती ७.६ वर आणल्याशिवाय सर्जननी तारीख दिली नाही. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसांची तपासणी, थायरॉईड, बी१२ आणि डी जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, आणि घोरण्यामुळे झोपेची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञांशी भेट लावली तेव्हा मला जरा राग आला होता. त्यांनी विचारलं, "दुःख झालं की तुम्ही काय करता?" मी म्हटलं, खाते. त्या एका उत्तरावर आम्ही पाऊण तास बोललो. ती भेट टाळू नका.

विम्याचं: बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेला डायबिटीस, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) यांसारखा आजार, शिवाय साध्या उपायांनी वजन उतरलेलं नाही, अशी अट असते. हा शेवटचा मुद्दा कागदावर दाखवावा लागतो. माझ्याकडे रत्नागिरीच्या डॉक्टरांच्या चार वर्षांच्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये होत्या, म्हणून काम झालं. जुने कागद फेकू नका.

ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ आहार. लिव्हरचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि आमच्यासारख्यांचं लिव्हर चरबीने फुगलेलं असतं. ते आकसलं की सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. माझे ते दोन आठवडे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाले. घरात चकल्यांचे डबे भरलेले आणि मी ताक, पातळ सूप आणि प्रोटीन पावडरवर. तिसरा दिवस सर्वात वाईट, डोकं ठणकत होतं. पाचव्यापासून सोपं गेलं. डायबिटीसच्या गोळ्या चालू असतील तर या काळात डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्याच. मला एका दुपारी घाम येऊन हातपाय थरथरले, शुगर ६२ निघाली, तेव्हा फोन केला. तो पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

ऑपरेशन सकाळी झालं, संध्याकाळी नर्सने उभं करून चालवलं. पायात घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं, आणि श्वास आत ओढून तीन गोळे वर उचलायचं ते प्लॅस्टिकचं यंत्र. ते यंत्र मी आधी महिनाभर घरी वापरत होते, त्याचा फायदा झाला. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज.

पण लगेच गावी आले नाही, आणि हा निर्णय मला आजही सर्वात बरोबर वाटतो. दिरांकडे ठाण्याला बारा दिवस राहिले. जठराच्या शिवणीतून गळती झाली तर ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत कळते, आणि तेव्हा हॉस्पिटल तासाभरावर असावं लागतं. सर्जननी कागदावर लिहून दिलं होतं: ताप, नाडी १२० च्या वर, श्वास लागणं, वाढत जाणारी पोटदुखी, यातलं काहीही झालं तर गॅस समजून घरी थांबायचं नाही. तो कागद जाऊबाईंनी फ्रीजवर चिकटवला होता, नंतर माझ्याबरोबर गावी आला. परत येताना सकाळची जनशताब्दी घेतली. गाडीपेक्षा रेल्वे बरी, कारण दर तासाला उठून डब्यात चालता येतं. घाटातल्या वळणांवर अडकून पाच-सहा तास बसून राहिलं तर पायात रक्त गोठायची भीती असते.

आता स्वयंपाकघर.

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता छापील होता. त्यात ब्रोकोली, किनोआ, टोफू. वर्षभराचा फॉलो-अप पॅकेजमध्ये आहे असं आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात दुसऱ्या महिन्यात त्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि पुढचे सात आठवडे माझ्या फोनला कोणी उत्तर दिलं नाही. मला याचं फार वाईट वाटलं, कारण नेमका तोच काळ होता जेव्हा पातळावरून घट्ट अन्नावर यायचं असतं. पैसे भरण्याआधी विचारा: आहारतज्ज्ञ नसेल तर बदली कोण, आणि आमच्याकडे काय शिजतं हे त्यांना माहीत आहे का.

मग आहाराचं आम्ही घरीच बसवलं. पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दोन महिन्यांनी साधं जेवण. मी गावी आले त्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी उकड्या तांदळाची पेज केली, आजारी माणसाला आपण तीच देतो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी ती प्यायले, पण रोज लागणारं ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पेजेतून मिळत नाही. कुळथाच्या पिठीचंही तसंच. कुळीथ पौष्टिक खरा, शंभर ग्रॅममध्ये बावीसेक ग्रॅम प्रोटीन, पण वाटीभर पिठीत पीठ पडतं दोन चमचे. म्हणजे चारेक ग्रॅम. हे मी त्यांना वजनकाट्यावर पीठ मोजून दाखवलं तेव्हा त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "मग मासळीच घाल गो त्यात."

तिथून गाडी रुळावर आली. मिक्सरच्या टप्प्यात त्या सौंदाळे आणि मुडदुशा उकडून, काटे काढून, थोड्या कोकमाच्या सारात वाटून द्यायच्या. तिखट नाही, नारळाचं दूध नाही. पुढे बांगडा आला. शंभर ग्रॅममध्ये जवळपास वीस ग्रॅम प्रोटीन आणि मऊ. कोळंबी मला चौथ्या महिन्यापर्यंत जड गेली, चिवट लागायची. सुरमईचा तुकडा कोरडा असला तर अडकतो, आमटीतला चालतो. बोंबील ओले सोपे, सुके अजून नाहीत. ज्या दिवशी मासळी नाही त्या दिवशी दोन अंडी, घट्ट दही, मुगाचं धिरडं आणि एक चमचा प्रोटीन पावडर. पावडर मी पूर्ण सोडलेली नाही. पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते तेव्हा तिचाच आधार होता.

ताटात आधी मासा, मग भाजी, भात शेवटी आणि राहिला तर. आपण उलट जेवतो, भात कालवून. ही सवय मोडायला मला वजन उतरण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. जेवणाबरोबर पाणी नाही, अर्धा तास आधी आणि नंतर थांबायचं. दिवसभर घोट घोट करून दीड-दोन लिटर. शाळेत बाटलीवर मार्करने तासिकांच्या रेघा मारल्या आहेत.

सहाव्या आठवड्यात एकदा शाळेची घंटा व्हायच्या आधी घाईत चपातीचे चार घास खाल्ले. छातीच्या मध्यभागी दगड बसल्यासारखं झालं, तोंडात फेस, मग उलटी. दोन दिवस काही टिकेना. तिसऱ्या दिवशी सर्जनना फोन लावला तर त्यांनी आधी थायामिनचं, म्हणजे बी१ चं, इंजेक्शन घ्यायला लावलं आणि मग सलाईन. उलट्या चालू राहिल्या तर हे जीवनसत्त्व झपाट्याने संपतं आणि मेंदूला, नसांना इजा होऊ शकते. गावच्या दवाखान्यात हे माहीत असेलच असं नाही. मी आता पर्समध्ये एक कार्ड ठेवते: कोणतं ऑपरेशन, कधी, सर्जनचा नंबर, "उलट्या असतील तर आधी थायामिन", आणि "दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत".

शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा चार महिने झाले होते आणि केस मूठमूठ जात होते. अंगणात जमलेल्या बायकांनी सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, हिला काही मोठा आजार आहे का. मला रडू आलं. वजन पटकन उतरलं की तीन ते सहा महिन्यांत असं होतं आणि बहुतेकांचे केस परत येतात, हे आधी माहीत असूनही. माझे आता कपाळाशी बारीक बारीक उगवलेत. लोह आणि बी१२ मात्र तपासून घ्या. माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, खाली गेलं होतं.

जीवनसत्त्वं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, हे घरच्यांना आधीच सांगा. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर. कॅल्शियम सायट्रेटच हवं, कारण कार्बोनेट जिरायला आम्ल लागतं आणि ते आता पोटात कमी. आमच्याकडच्या मेडिकलने दोनदा "सारखंच आहे" म्हणून कार्बोनेट दिलं. आता तीन महिन्यांचा साठा एकदम मागवते.

हापूसचं विचारणारे खूप आहेत. घरची कलमं, त्यामुळे मला टाळणं शक्यच नव्हतं. दोन फोडी, जेवणानंतर, चावून: काही होत नाही. अर्धी वाटी आमरस एकदा घेतला तर दहा मिनिटांत छातीत धडधड, घाम, आणि अर्धा तास आडवं. रस थेट खाली उतरतो, फोड थांबते. गणपतीत एक उकडीचा मोदक दोन वेळा मिळून खाल्ला आणि मन भरलं.

माझी मोठी चूक एकच. पित्तखडे होऊ नयेत म्हणून सहा महिने घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. झपाट्याने वजन उतरताना पित्तात कोलेस्टेरॉल साठतं आणि खडे धरतात. त्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात संपल्या, रत्नागिरीला जाणं लांबलं, आणि काही त्रास नाही म्हणून मी सोडून दिल्या. जुलैत भर पावसात रात्री दोनला उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की श्वास घेता येईना. रस्त्यावर झाड पडलेलं, वीज नाही. आमच्या ह्यांनी शेजारच्या मुलाला उठवून कोयत्याने फांद्या तोडल्या आणि पहाटे रत्नागिरी गाठली. सोनोग्राफीत खडे. तेव्हापासून तेलकट बंद आहे, कळ पुन्हा एकदाच आली, पण पित्ताशय काढावं लागणार.

हे ऑपरेशन परत करायची वेळ आली तर करेन का, असं शाळेतली एक मैत्रीण विचारत होती. तिचं वजन ९८ आहे, गुडघे गेलेत. मी हो म्हटलं. आणि तिला सांगितलं की सर्जनला भेटायच्या आधी एका रविवारी सासूबाईंना आणि नवऱ्याला घेऊन आमच्याकडे जेवायला ये. आले होते सगळे. आमच्या सासूबाईंनी तिच्या सासूबाईंना वजनकाटा दाखवला, मासळीचे काटे कसे काढायचे ते दाखवलं, आणि माझी जेवणाची दीडशे मिलीची स्टीलची वाटी हातात दिली. त्या माउलीने वाटी उलटसुलट करून पाहिली, "एवढीच?" म्हणाल्या. आमच्या म्हणाल्या, "पहिल्यांदा मीही तसंच म्हटलं होतं. आता ती भरली की मला बरं वाटतं."

पित्ताशयाची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे, या वेळी रत्नागिरीतच. वर्षाची रक्ततपासणीही त्याच आठवड्यात उरकून घेणार आहे.