10 वर्षांची वॉरंटी आणि पहिल्याच पावसात भिंत ओली: वॉटरप्रूफिंगवाल्याने 2,15,000 ला घातलेला गंडा

नऱ्ह्यात दीड गुंठ्यावर स्वतःचं घर बांधलंय, वर-खाली दोन मजले, एएसी ब्लॉकचं, म्हणजे विटांऐवजी हलके सिमेंटचे ठोकळे. ज्याने घर बांधलंय त्याला माहितीये, शेवटी शेवटी खिसा रिकामा आणि डोकं आउट झालेलं असतं, आणि हे बाहेरच्या कोटिंगवाले बरोब्बर तेव्हा उगवतात. आमचा आला शेजारच्या प्लॉटवाल्यांच्या ओळखीने. त्यामुळे "रस्त्यावरून कुणालाही धरून आणलं" असं कृपया म्हणू नका, तीन कोटेशनं घेतली होती आणि हा त्यात सगळ्यात स्वस्तही नव्हता.

हिशोब सांगतो. बाहेरच्या भिंती 3,120 चौरस फूट, रेट 42, झाले 1,31,040. टेरेस 1,040 फूट, 85 ने 88,400. एकूण 2,19,440, आणि यात खिडक्यांचं माप वजा न करताच लावलेलं, तेही सोडून दिलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणे 18 टक्के जीएसटी लागेल, 39,499 वर जातील साहेब, कशाला उगाच. 80,000 ॲडव्हान्स यूपीआयने, 75,000 भिंतींचा पहिला हात झाल्यावर, 60,000 शेवटी रोख. रोख देऊ नका. मुलाची फी भरायचीये, मुलगी आजारी आहे, काहीही सांगू दे, रोख देऊ नका.

आता तो डबा. नवीन वीस लिटरच्या डब्याच्या झाकणाची कडेची पट्टी कापावी लागते, हाताने निघत नाही. याच्या पोराने माझ्यासमोर झाकणाला अंगठा लावला आणि टप्पकन उघडलं. मी विचारलं, सील कुठंय? तर हा हसून म्हणतो, "पोरांनी टोकन काढलं साहेब, डब्यामागं तेवढंच त्यांना सुटतं." आता डब्यात पेंटरसाठी टोकन असतं हे खरंच आहे, कुणालाही विचारा. मग मी काय समजायचं? रोलरवरून माल ताकासारखा गळत होता, आई खालून ओरडली की अरे हे फार पातळ दिसतंय, तर तिलाही उत्तर तयार, "मावशी, पहिला हात पातळच मारतात, प्लास्टरच्या पोटात शिरायला पाहिजे ना." हेही खरंच आहे! या माणसाने धडधडीत खोटं क्वचितच सांगितलं, अर्धं खरं सांगायचा आणि उरलेलं आपण आपल्या मनाने भरायचो. दुसरा हातही तितकाच पातळ होता ते मात्र कुणी बघितलं नाही, कारण तो रविवारी मारला आणि आम्ही लग्नाला चिंचवडला.

टेरेसवर पाणी साठवून गळतंय का बघू म्हटलं, 48 तास, सगळे हेच सांगतात. तर म्हणाला आत्ता उन्हाळ्यात 1,200 चा टँकर टेरेसवर ओतताय का? आमच्याकडे टँकरशिवाय पान हलत नाही. मला तर वाटलं माणूस आपले पैसे वाचवतोय! तर ओता. दोन टँकर लागले तरी ओता, आणि पाणी उतरेपर्यंत शेवटचा हप्ता खिशात ठेवा.

2025 ला पावसाने जूनचीसुद्धा वाट बघितली नाही, 26 मे ला मान्सून पुण्यात. वारा पश्चिमेकडून, आणि आमची बेडरूमची भिंत नेमकी पश्चिमेला. कॉलम आणि ब्लॉकच्या जोडावर सरळ उभी ओली रेघ उमटली, मग पीओपीला फुगे, मग कपाटाचा प्लाय फुगला, तो 62,000 चा वेगळा खड्डा. फोन केला तर "प्लास्टरवाल्याने जोडावर जाळी मारली नाही, त्याला मी काय करू." परत अर्धं खरं. जाळी नव्हतीच. पण भेगा खाचून भरायचे पैसे तूच घेतलेस ना बाबा, वरून पुट्टी फासून मोकळा झालास. दुसऱ्या माणसाला दाखवलं, त्याने भिंतीला नख लावलं तर पांढरी पूड हातात आली. चांगलं कोटिंग रबरासारखं साल धरून सुटतं म्हणे, हे ब्रँडच्या रिकाम्या डब्यात भरलेलं भलतंच काहीतरी. नीट करायचे त्याने 1,87,000 सांगितलेत.

त्याने दिलेलं वॉरंटी कार्ड घेऊन डब्यावरच्या कंपनीला फोन केला. कार्डाचा नंबर त्यांच्या रेकॉर्डलाच नाही, हा माणूस यादीतच नाही. अहो, तुमच्या नावाच्या डब्यात कुणीतरी भेसळ करतंय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? "तक्रार मेल करा." केली. पोच आली, संपलं.

चौकीत गेलो तर, काम केलंय ना त्याने, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मॅटर. म्हटलं डब्यात दुसरा माल भरून विकणं फसवणूक नाही तर काय, न्याय संहितेत 318 कलम आहे. तर "तुम्ही वकील आहात का?" अर्जाच्या कॉपीवर पोचीचा शिक्का मारायलासुद्धा साहेब जागेवर नाहीत, साहेब बंदोबस्ताला, साहेब जेवायला. बांधकाम खात्यात विचारलं तर आमचं काम नकाशा मंजूर करणं. रेरा बिल्डरच्या प्रोजेक्टसाठी, स्वतःच्या प्लॉटवर ठेवलेल्या कंत्राटदाराला ते लागत नाही. म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याला निदान दार ठोठावायला जागा आहे, आणि आम्ही विटेवीट स्वतः उभी केली तर आम्हाला कुणीच वाली नाही! टॅक्सची पावती मात्र कोण कुठे राहतो ते बरोबर शोधून येते.

राहता राहिला ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार टाकावी लागते, ऑनलाइनही होते, 1915 वर फोन करून माहिती मिळते. आमची नोटीस "पत्त्यावर आढळत नाही" म्हणून परत आली, आता नवीन पत्ता मीच शोधून द्यायचा. माणसाचं आधार बघून घ्या, व्हिजिटिंग कार्डावरच्या पत्त्यावर मोबाइलचं दुकान निघतं. आणि डबे स्वतः दुकानातून आणा, बिल आपल्या नावावर, बॅच नंबरचा फोटो, सील आपल्या हाताने कापा, रिकामे डबे काम संपेपर्यंत आपल्याच ताब्यात. किती डबे लागतील तेही काढा, कव्हरेज डब्यावर छापलेलं असतं.

मागच्या आठवड्यात त्याचाच मेसेज आला, "साहेब, राहिलेले 4,440 कधी देताय?" संताप आवरून प्रिंट काढली आणि फाइलला लावली. करारनामा नाही, बिल नाही, पण काम त्यानेच केलं हे आता त्याच्याच शब्दांत लेखी आहे.